अंधाराचं वेळापत्रक

हा अंक तीन आठवडे उशिरा निघतोय. माफी मागत नाही, कारण सांगतो. संपादकीय माझ्याकडं होतं आणि मी गावी अंधारात बसलो होतो. आमच्या वस्तीची डीपी जळाली होती.

दोस्तांनो, तुमच्यातले बरेच जण शहरात जन्मले, शहरातच वाढले. तुम्हाला लाईट जाणं म्हणजे पंखा बंद, मोबाईलचं नेट बंद, आणि पंधरा मिनिटांत अख्खी चाळ ओरडते, "आली रे!" मलाही आता तीच सवय लागलीय. मी गोदीत कंत्राटावर हमाली करतो. रात्रपाळीला बोट लागलेली असली की उंच खांबांवरचे दिवे असे पेटतात की पोत्यातनं सांडलेला दाणा दिसावा. तिथं माल अंधारात ठेवत नाहीत. मालाची किंमत असते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची लाईट गेली. लोकल जिथल्या तिथं थांबल्या. काही तासांत गाड्या सुरू झाल्या, संध्याकाळपर्यंत बहुतेक शहर उजळलं. त्याच दिवशी चौकशीचे हुकूम निघाले, टीव्हीवाले दिवसभर बोंबलत होते. मी रुळाच्या कडेनं चालत होतो आणि मनात म्हणत होतो, तिच्यायला, एवढ्यासाठी चौकशी? आमच्या गावाची कोणी कधी केली नाही.

माझं गाव भीमेच्या काठावर. नाव लिहीत नाही, कारण तिथं माझी आई अजून राहते. इकडं शिरूर, नदीपल्याड दौंड. बापाचं घर इकडं, आजोळ तिकडं. वरच्या अंगाला याच नदीकाठी आपला विजयस्तंभ. पुण्याचं सगळं गटार पोटात घेऊन मुळा-मुठा खाली येते आणि भीमेला मिळते, ती आमच्याच भागात. शहराची घाण आम्हाला न मागता मिळते, बारा महिने चोवीस तास. तिला भारनियमन नाही.

भारनियमन हा शब्द मी पाचवीत शिकलो, २००८ साली. एन्रॉनचा दाभोळचा कारखाना २००१ ला बंद पडलेला. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे करून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या केल्या. तुकडे केले म्हणून वीज वाढली नाही. राज्यात चार-पाच हजार मेगावॉटची तूट होती आणि ती तूट कोणाच्या तरी घरात न्यायची होती. कोणाच्या न्यायची त्याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायचं. सकाळी अमुक ते अमुक, संध्याकाळी तमुक ते तमुक. खेड्यात दिवसाचे दहा-बारा तास. आई फळ्यासमोर मला उभा करायची आणि वाचून घ्यायची, कारण तिला वाचता येत नव्हतं. माझं वाचन तिथं पक्कं झालं. मग ती त्या वेळापत्रकाप्रमाणं घर चालवायची. लाईट असताना दळण, लाईट असताना पाणी. लाईट गेली की चिमणी. सकाळी नाक शिंकरलं की काजळी यायची. २०१४ ला मॅट्रिक झालो तो त्याच चिमणीच्या उजेडावर.

आता ऐका, त्याच काळात पुण्यात काय झालं. जून २००६ पासून पुणे शहर भारनियमनमुक्त झालं. कारखान्यांनी स्वतःची जनरेटरं चालवायची, तेवढी वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि जनरेटरचा जादा खर्च शहरातल्या मोठ्या ग्राहकांच्या बिलातून काढायचा. हुशार योजना होती, नियामक आयोगानं मंजूर केलेली. वर्तमानपत्रांनी 'पुणे पॅटर्न' म्हणून आरती ओवाळली. पुणे जिल्हा तोच, कलेक्टर तोच. सत्तर किलोमीटरवर शिरूर, तेवढ्याच अंतरावर दौंड. पण आम्ही पॅटर्नच्या बाहेर. पैसे देऊन उजेड विकत घेता येतो हे सरकारनं मान्य केलं, आणि ज्याला विकत घेता येत नाही त्याचं काय, हा प्रश्न आपोआप फळ्यावर गेला.

उरलेल्यांसाठी दुसरी हुशारी होती. फिडरचे गट पाडले, ए, बी, सी, डी करत खाली. ज्या फिडरवर वीज गळती जास्त आणि बिलाची वसुली कमी, त्याला जास्त अंधार. वरवर न्याय वाटतो. पण फिडर म्हणजे एक माणूस नव्हे. शंभर घरांत वीस जणांनी बिल थकवलं, दहा जणांनी आकडे टाकले, की शंभरच्या शंभर घरं अंधारात. माझी आई दर महिन्याला बिल भरायची, उसनंपासनं करून भरायची, पावत्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. तिलाही तेवढाच अंधार. एकाच्या नावानं अख्ख्या वस्तीला शिक्षा करायची ही रीत आपल्याला नवी नाही. गावकी हेच करत आली. आता ती टक्केवारीच्या भाषेत बोलते एवढंच. १२ डिसेंबर २०१२ ला महाराष्ट्र भारनियमनमुक्त होणार अशी घोषणा होती. बराचसा झालाही. पण गळती जास्त असलेले फिडर त्या मुक्तीतून वगळले गेले. आणि एप्रिल २०२२ ला कोळसा कमी पडला तेव्हा पुन्हा तेच गट बाहेर काढले, पुन्हा खालच्या गटावर पहिली कुऱ्हाड.

हे आजचं नाही. मुळशीची गोष्ट याच जिल्ह्यातली. १९२१ साली मावळे शेतकऱ्यांनी तिथं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. १९२७ ला भिरा वीजघर सुरू झालं आणि पुणे जिल्ह्यात अडवलेल्या पाण्याची वीज मुंबईला गेली, गिरण्यांना गेली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या घरात दिवा कधी लागला ते विचारू नका.

आणि आपल्या पोरांना हे माहीत पाहिजे, की या देशात वीज कशी असावी याचा विचार सरकारात बसून ज्यांनी केला त्यात बाबासाहेब होते. १९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडं होता. १९४३ पासून त्यांनी वीजधोरणाच्या समितीच्या बैठका घेतल्या, १९४४ ला केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वीज भरपूर पाहिजे, स्वस्त पाहिजे, कारण तिच्याशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय गरिबीतनं सुटका नाही. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूळ उद्योग सरकारच्याच मालकीचे असावेत असं त्यांनी लिहिलं. आपण त्यांच्या फोटोवर दिव्यांची माळ सोडतो. त्या माळेत करंट कुठनं येतो हे त्यांनी विचारलं होतं, आपण विचारत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. ही लिहायला मला लाज वाटते, म्हणून लिहितो.

आईला साखरेचा आजार. रोज इन्शुलिन टोचावं लागतं. मागल्या दिवाळीला ओव्हरटाईमचे पैसे साठवून मी तिच्या घरी इन्व्हर्टर बसवला. वस्तीतला पहिला. मला वाटलं, मी मुलगा म्हणून जिंकलो. या उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यात तार तारेला चिकटली आणि वस्तीची डीपी गेली. धाकट्याचा फोन आला, "दादा, साहेब म्हणतोय दुसरी डीपी शिल्लक नाय. टेम्पोचं भाडं वस्तीनं काढा, मग बघू." वर्गणी काढून डीपी आणायची ही रीत खेड्यापाड्यात इतकी रुळलीय की लोकांना ती कायदाच वाटते. मी तीन पाळ्यांचा खाडा करून निघालो, म्हटलं जाऊन येतो. तीनाचे तेरा झाले.

अर्ज लिहिला. घरोघर सह्या घेत फिरलो. लोक अंधारात ओट्यावर बसलेले, सही कुठं करायची ते मोबाईलच्या बॅटरीनं दाखवावं लागत होतं. सगळी घरं झाली, शेवटी आपलं घर. आत बल्ब पेटलेला, पंखा फिरतोय. आईपुढं कागद धरला. ती म्हणाली, "कशाला साहेबाच्या तोंडाला लागतोस बाबा? आपल्याला काय? आपल्याकडं हाय की."

मी गप्प झालो. हीच बाई २००९ ला हंडा-कळशी घेऊन वीज कचेरीपुढं ठिय्या मारून बसली होती, मला बरोबर घेऊन. तिला कोणी घाबरवलं नव्हतं. तिला मी गप्प केलं होतं, इन्व्हर्टर देऊन. पुण्याच्या कारखान्यांनी जे केलं तेच मी माझ्या वस्तीत केलं. माझ्यापुरता उजेड विकत घेतला आणि बाकीच्यांना फळ्यावर ठेवलं. शेजारची पोरं मोबाईल चार्ज करायला आमच्या दारात रांग लावत होती आणि आई त्यांना बसवून घेत होती, पण मालकिणीसारखी. तो सूर मला ओळखीचा वाटला. तो वाड्याचा सूर होता.

रात्रभर आईशी भांडलो. सकाळी तिनंच तोडगा काढला. "ने तुझी ती पेटी समाजमंदिरात. पण माझं औषध थंड ऱ्हायला पायजे, ते तू बघ." इन्व्हर्टर समाजमंदिरात गेला. औषधाचं मडकं केलं. ते कसं, ते खाली सांगतो. आणि मग तिनं अंगठा नाही, सही केली. प्रौढ वर्गात शिकलेली, वाकडी, पण सही.

आता तयारीचं बोलू. तुमच्यातल्या प्रत्येकाचं कोणीतरी गावी आहे. पुढल्या खेपेला जाल तेव्हा लाडू-चिवड्याबरोबर हे करून या.

आधी उजेड. मेणबत्ती आणि चिमणी पत्र्याच्या, कुडाच्या घरात ठेवू नका, झोपेत घर पेटतं. रेशनचं रॉकेलही आता बहुतेक बंदच झालंय. लाईट असताना चार्ज होऊन लाईट गेल्यावर पेटणारे बल्ब मिळतात, एक स्वयंपाकाच्या जागी, एक दाराशी. एक बॅटरी उशाशी, कायम एकाच जागी, अंधारात हात घातला की सापडली पाहिजे. रात्री पाय खाली टाकायच्या आधी बॅटरी मारायची. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते, आणि बऱ्याचदा कळतही नाही.

मग पाणी आणि पीठ. नळयोजनेची मोटार लाईटवर, गिरणी लाईटवर. दोन दिवसांचं पिण्याचं पाणी झाकून आणि तीन दिवसांचं पीठ डब्यात, एवढं वैशाख ते आषाढ सदोदित असावं. मोबाईल आभाळ भरून आलं की लगेच चार्जला लावा. टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपते, तेव्हा तक्रारीचा फोन आधी करा, कंदील नंतर शोधा.

औषध. इन्शुलिनच्या न फोडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच लागतात. फोडलेली बाटली घरच्या गारव्यात साधारण चार आठवडे चालते, पण आमच्या भागातला उन्हाळा चाळीसच्या पुढं जातो, त्याला गारवा म्हणत नाहीत. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, वाळू ओली ठेवा, सावलीला वारा लागेल असं ठेवा. बाटली कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात. बर्फात कधी घालू नका, गोठलं की ते औषध फेकायचं. वाफ घ्यायचं यंत्र किंवा ऑक्सिजनचं यंत्र घरात असेल तर दवाखान्यात आधीच विचारून ठेवा, लाईट गेली तर कुठं जायचं.

इन्व्हर्टर घ्यायचाच तर हिशेब करून. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॉट-तास. हाती बाराशेच्या आसपास धरा. नऊ वॉटचे चार बल्ब आणि पंच्याहत्तर वॉटचा जुना पंखा चालवला तर दहा-अकरा तास. तीस वॉटचा नवा पंखा बसवला तर अठरा तास. मिक्सर, इस्त्री, मोटार त्यावर नको. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही. बॅटरीतनं पेट घेणारा वायू निघतो, म्हणून चुलीपासून लांब, खिडकीजवळ. जनरेटर कोणी भाड्यानं आणला तर तो घराबाहेरच लावा, त्याचा धूर झोपलेल्या माणसाला मारतो.

आणि डीपीवर चढू नका. पोरांनो, हे खास तुमच्यासाठी. लाईट गेली म्हणजे तार मेली असं नसतं. एक फेज गेलेला असतो, दोन जिवंत असतात. कुणाच्या तरी जनरेटरमधनं करंट उलटा येतो. लंगरासारखा आकडा टाकणारे आपल्या वस्तीतही आहेत, लपवू नका. वीज कायदा २००३ च्या १३५ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कैदेआधी माणूस तारेला चिकटतो. मीटर नाही म्हणून आकडा असेल तर मीटर मागा. ४३ वं कलम म्हणतं, मागेल त्याला वीज देणं हे कंपनीचं कर्तव्य. २०२१ ला १४ एप्रिलपासून बाबासाहेबांच्या नावानं 'जीवन प्रकाश' योजना काढली होती, अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना पाचशे रुपये अनामतीत, तीही पाच हप्त्यांनी. आमच्या वस्तीत त्यातनं मीटर लागले.

घरातली तयारी इथं संपते. वस्तीची तयारी वेगळी. एक वही करा. लाईट कधी गेली, कधी आली, तारीख आणि वेळ, रोज. एका पोरीकडं ती वही द्या. १९१२ वर फोन करा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहा. नंबराशिवाय तक्रार झालीच नाही असं समजा. ट्रान्सफॉर्मर जळाला तर ग्रामीण भागात तो ४८ तासांत बदलायचा, असं आयोगाच्या नियमांत आहे. न बदलला तर ५७ व्या कलमाप्रमाणं ग्राहकाला भरपाईचा हक्क आहे. बिल थकलं म्हणून तोडायचं तर १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच. कचेरीत दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यापुढं विद्युत लोकपाल. टेम्पोचं भाडं वस्तीनं भरायचं, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

आमचा अर्ज गेला. साहेबानं आधी घेतलाच नाही. मग पंचवीस बाया कचेरीच्या पायरीवर बसल्या, आई पुढं. पोच मिळाली. डीपी नवव्या दिवशी आली, टेम्पोचं भाडं न भरता. भरपाईचा अर्ज टाकलाय, पैसे अजून आलेले नाहीत. आले तर छापू, नाही आले तरी छापू.

पण धाकट्याचं अजून राहिलंय. तो दुसऱ्याच्या उसाला रात्री दारं धरतो, कारण त्या फिडरला पाळीप्रमाणं वीज रात्रीची येते. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ ची, दुसरा टप्पा २०२३ चा. जिथं पोचली तिथं दिवसा पाणी, जिथं नाही तिथं तीच रात्र. आणि आमच्या शिरूर तालुक्यात उसात बिबट्या आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन लेकरं होती आणि ती दिवसाउजेडी गेली. मग रात्री एकटा पोरगा, हातात फावडं आणि डोक्याला बॅटरी बांधून उसात शिरतो, त्याचं काय? जमीन असलेल्या माणसाला रात्रीची वीज मिळते, रात्र मात्र बिनजमिनीच्या पोराच्या वाट्याला येते. फुकट विजेच्या घोषणा पंपाच्या मालकासाठी असतात. दारं धरणाऱ्याचा त्यात उल्लेख नसतो.

म्हणून आपली मागणी एवढीच ठेवू या, साधी आणि मोजता येईल अशी. दिवसा वीज. शेताला दिवसा वीज. पाणी उजेडात धरलं जाईल.

मी निघालो त्या रात्री समाजमंदिरात इन्व्हर्टरवर दोन बल्ब चालू होते. खाली अकरा पोरं अभ्यासाला. वही एका नववीतल्या मुलीकडं. तिनं पहिल्या पानावर रेघा मारून रकाने पाडलेत: तारीख, गेली, आली, तक्रार नंबर, सही. फळ्यावर आम्ही त्यांचं वेळापत्रक वाचत होतो, आता ही पोरगी आपलं लिहितेय. तुम्हीही आपापल्या गावची वही चालू करा आणि एका महिन्याच्या नोंदी पुढल्या अंकासाठी पाठवा. शिरूर-दौंडची आमच्याकडं आहे. बाकीचे तालुके तुम्ही.

वर्गणी ज्यांची राहिलीय त्यांनी भरावी. प्रेसवाल्याचं लाईट बिल आपल्यामुळं थकलंय.

जयभीम.